जिनिंगच्या पट्टी फाइलची डागडुजी: प्रकल्प नोंदी

15 सप्टेंबर 2025, सोमवार. धरणगाव

काम असं आहे: जिनिंगची (कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याची) कापूस खरेदीची एक्सेल फाइल दिवाळी पाडव्याच्या मुहूर्ताआधी सगळ्या केंद्रांवर सारखी चालली पाहिजे. फाइल 2011 च्या हंगामात इथल्याच एका हिशेबनिसाने बांधली. तो पुढे सुरतेला गेला, फाइल राहिली. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, ओलाव्याची घट, हमाली, तोलाई, उचल, आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात द्यायची पट्टी (खरेदीच्या हिशेबाचा कागद), हे सगळं ती एकटी करते. माणूस हुशार होता. कोडमध्ये एकही शेरा नाही, पण वाचत गेलं की कळतं.

विंडोज 10 ला 14 ऑक्टोबरनंतर सुरक्षेची अपडेट मिळणार नाहीत, म्हणून शेठजींनी (जिनिंगच्या मालकांनी) तीन नवे कॉम्प्युटर संच घेतले: धरणगावला गाड्या तोलायच्या काट्यावर एक, चोपड्याला एक, शहाद्याला एक. तिन्हींवर विंडोज 11 आणि 64 बिटचं ऑफिस 2024. अमळनेरला जुनाच संच, त्यावर ऑफिस 2007. "तो चालतोय ना, मग हात लावू नको," हा शेठजींचा हुकूम. शिवाय जळगावला त्यांचा स्वतःचा लॅपटॉप, त्यावर मायक्रोसॉफ्ट 365. म्हणजे एकाच फाइलला तीन पिढ्यांच्या एक्सेलशी जमवून घ्यायचंय.

आज फक्त फाइलची प्रत घेतली, मूळ फाइल रीड-ओन्ली करून वेगळी ठेवली आणि काय काय मोडलंय ते फोनवर विचारून लिहून घेतलं. प्रत्येक ठिकाणची तक्रार निराळी. ही मात्र चांगली खूण आहे, कारण सगळीकडे सारखंच मोडलं असतं तर दोष फाइलमध्ये शोधावा लागला असता.

16 सप्टेंबर. चोपडा

तापी ओलांडून चोपड्याला. केंद्रावरच्या भाऊंनी दारातच गाऱ्हाणं मांडलं, "भाऊ, बटन दाबी दाबी बोट दुखाले लागनं, पन काहीच व्हत नही."

फाइल उघडली की वर लाल पट्टी: फाइल कुठून आली त्याचा भरवसा नाही, म्हणून मॅक्रो (बटण दाबल्यावर चालणारा फाइलमधला कोड) अडवले. पिवळी पट्टी असती तर तिच्यावर 'एनेबल'चं बटण असतं. लाल पट्टीवर ते नसतंच. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींचे मॅक्रो मायक्रोसॉफ्टने 2022 पासून असे मुळातच अडवायला सुरुवात केली.

भाऊंचा प्रश्न रास्त होता, "अमळनेरले तीच फाइल शे, तठे चालस, आठे का बरं नही?" चोपड्याला फाइल ईमेलने आली, ब्राउझरमधून उतरवली. विंडोजने उतरवताना तिला 'झोन आयडेंटिफायर' नावाचा अदृश्य शिक्का चिकटवला, त्यात झोन आयडी 3, म्हणजे इंटरनेट. अमळनेरला तीच फाइल पेनड्राइव्हने गेली. पेनड्राइव्ह फॅट32 पद्धतीने मांडलेला होता आणि असा शिक्का फक्त एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवर टिकतो. फाइल पेनड्राइव्हवर चढली तेव्हाच शिक्का गळाला. शिवाय तिथलं 2007 हे असलं काही बघतच नाही.

फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खालच्या कोपऱ्यात 'अनब्लॉक'ची चौकट, ओके. लाल पट्टी गेली. बटणं तरीही मेलेलीच. दाबल्यावर आत जातसुद्धा नाहीत, चित्र असल्यासारखी पडून. ती ॲक्टिव्हएक्सची (मायक्रोसॉफ्टच्या जुन्या, बाहेरून जोडायच्या तंत्राची) आहेत, आणि ऑफिस 2024 मध्ये ॲक्टिव्हएक्स न विचारता बंद असतं. मायक्रोसॉफ्ट 365 लाही एप्रिल 2025 पासून तोच नियम लागला. ट्रस्ट सेंटरमध्ये (ऑफिसच्या सुरक्षेच्या सेटिंगमध्ये) जाऊन तात्पुरतं चालू केलं. मग बटणं जिवंत झाली आणि पहिल्याच दाबण्याला कंपाइल एरर आली, म्हणजे कोड चालण्याआधीच अडला.

एकामागे एक तीन कुलपं. पहिलं उघडल्याशिवाय दुसरं दिसत नाही, म्हणून फोनवर हे सुटलं नसतं.

19 सप्टेंबर. धरणगाव

ती एरर: 'कॅन्ट फाइंड प्रोजेक्ट ऑर लायब्ररी'. गंमत अशी की एक्सेल निळं करून दाखवतं तो शब्द 'लेफ्ट'. गाडी नंबरातली पहिली दोन अक्षरं घेणारी ओळ, तिच्यात चुकीचं काहीच नाही. ती ओळ काढून पाहिली तर पुढच्या 'फॉरमॅट'वर अडतं. हे व्हीबीएचं (एक्सेलच्या मॅक्रोंच्या भाषेचं) जुनंच दुखणं. फाइलने बाहेरच्या एखाद्या लायब्ररीचा आधार घेतलेला असतो, ती या कॉम्प्युटरवर नसते, आणि मग व्हीबीएला स्वतःची साधी फंक्शनंही ओळखू येईनाशी होतात. बोट भलतीकडे, दुखणं तिसरीकडे. टूल्स, मग रेफरन्सेस, आणि यादीत ज्या नावापुढे 'मिसिंग' लिहिलंय तोच आरोपी. असली एरर आली की कोड वाचत बसण्याआधी ही यादी उघडावी.

आपल्या यादीत दोन आरोपी. एक तारीख निवडायचा डीटीपिकर, जो एमएसकॉमसीटी2 नावाच्या ओसीएक्स (बाहेरून जोडायच्या भागाच्या) फाइलीत राहतो. दुसरा एमएसकॉम32, काट्याच्या केबलवरून वजन वाचणारा. दोन्ही व्हिज्युअल बेसिक 6 च्या जमान्यातले, दोन्ही फक्त 32 बिटचे. 64 बिटच्या एक्सेलमध्ये ते चढतच नाहीत. रजिस्टर करा, फोल्डर बदला, काही उपयोग नाही. दोन्ही ऑफिससोबत येतही नाहीत. जुन्या संचांवर ते दुसऱ्या कुठल्या तरी सॉफ्टवेअरच्या पाठीवर बसून आले असणार, म्हणून इतकी वर्षं कुणाला त्यांची आठवणही झाली नाही.

22 सप्टेंबर, घटस्थापना

शेठजींशी बोलणं झालं.

"जुनं 32 बिटचं ऑफिस टाकून दे ना सगळीकडे. एवढी उठाठेव कशाला?"

सूचना अगदीच चुकीची नाही. विंडोज 11 वर 32 बिटचं ऑफिस चालतं. मग त्या दोन ओसीएक्स विंडोजच्या सिसवॉव64 फोल्डरात टाकायच्या आणि तिथल्याच रेगएसव्हीआर32 या नोंदणीच्या प्रोग्रॅमने ॲडमिन म्हणून रजिस्टर करायच्या. (नाव 64 असलं तरी त्या फोल्डरात 32 बिटचा माल असतो आणि सिस्टिम32 मध्ये 64 बिटचा. यावर हसून पुढे जावं.) पण नवं ऑफिस 32 बिटचं असलं तरी ॲक्टिव्हएक्स बंदच ठेवतं, म्हणजे प्रत्येक संचावर ट्रस्ट सेंटर उघडून पहारा सैल करायचा. आणि ज्याच्यावरून शेतकऱ्यांचे पैसे सुटतात त्या कॉम्प्युटरचा पहारा सैल करणं मला पटत नाही. पुढच्या वर्षी अमळनेरचा संच बदलला की हाच खेळ पुन्हा.

शेठजींना सांगितलं: फाइलला लागणारी प्रत्येक गोष्ट फाइलच्या आत असेल किंवा विंडोजमध्ये मुळातच असेल. तिसरीकडचं काही नाही. त्यांनी अट घातली, "बटनांची जागा हलवू नको. आप्पा बघत नाहीत, सवयीने दाबतात." आप्पा म्हणजे धरणगावचे मुनीम. अट मान्य.

24 सप्टेंबर

ॲक्टिव्हएक्सची सगळी बटणं काढून फॉर्म कंट्रोलची बसवली, त्याच जागी, त्याच मापात. फॉर्म कंट्रोल दिसायला साधे, रंग बदलत नाही, पण एक्सेलच्या स्वतःच्या पोटातले. त्यांना वेगळी परवानगी लागत नाही. मॅक्रो चालू असले की झालं. शिवाय ॲक्टिव्हएक्स बटणांची ती जुनी खोड, लॅपटॉपला मोठा पडदा जोडला की दर दाबण्याला आकार बदलायचा, तीही आपोआप गेली. शेठजींच्या लॅपटॉपवर 'पट्टी छापा' हे बटण फुगून अर्ध्या शीटवर पसरायचं.

अमळनेरला यांतलं काहीच अडत नव्हतं, पण तिथल्या भाऊंनी सांगितलेली एक गोष्ट लिहून ठेवतो. काही वर्षांपूर्वी एका सकाळी सगळी बटणं अचानक बंद पडली होती, 'कॅनॉट इन्सर्ट ऑब्जेक्ट' येत होतं, आणि कुणीतरी फोनवर सांगून टेम्प फोल्डरातल्या कसल्या तरी फाइली उडवल्यावर चालू झाली. डिसेंबर 2014 चं ऑफिसचं सुरक्षा अपडेट ते हेच असणार. त्यानंतर टेम्पमध्ये साठलेल्या जुन्या ईएक्सडी फाइली नव्या कंट्रोलशी जुळेनात. एक्सेल बंद करून त्या पुसल्या की एक्सेल स्वतः नव्या बनवतं. आता त्याची गरज उरली नाही.

27 सप्टेंबर

तारीख. या कामातला सर्वांत घातकी भाग हाच, कारण इथे एरर येत नाही. चुकीचं उत्तर गुपचूप येतं.

डीटीपिकर खरीखुरी तारीख द्यायचा. त्याच्या जागी साधा टेक्स्टबॉक्स ठेवला तर तो मजकूर देतो, '05/10/2025'. हा मजकूर व्हीबीएने सेलमध्ये टाकला की व्हीबीए अमेरिकी चालीने वाचतं: आधी महिना, मग दिवस. कॉम्प्युटरची तारीख भारतीय पद्धतीची असली तरीही. 5 ऑक्टोबरची 10 मे झाली. पण '13/10/2025' दिला तर तेरावा महिना नसतो, म्हणून ते निमूटपणे 13 ऑक्टोबर धरतं. म्हणजे महिन्याचे पहिले बारा दिवस उलटे आणि 13 पासून सुलटे. तपासणारा माणूस हमखास 25 तारीख टाकून बघतो आणि खूश होतो.

सीडेट (मजकुराची तारीख करणारं व्हीबीएचं फंक्शन) वापरलं तर ते कॉम्प्युटरच्या रीजनल सेटिंगप्रमाणे वाचतं, म्हणजे केंद्रागणिक निराळं. शेठजींच्या लॅपटॉपची सेटिंग अमेरिकेची. त्यावर टाकलेल्या गेल्या हंगामाच्या काही नोंदी तपासल्या, तर खरेदी मे महिन्यात दिसते. मे महिन्यात कुठल्या जिनिंगला कापूस येतो? तेव्हा इथे कुलूप असतं. आप्पांनी त्या ओळी केव्हाच ओळखल्या होत्या. ते दरवेळी हाताने दुरुस्त करत आणि कुणाला बोलत नसत.

उपाय: टेक्स्टबॉक्स नाहीच. दिवस, महिना, वर्ष असे तीन ड्रॉपडाउन, आणि तिघांना डेटसीरियल या फंक्शनमध्ये घालून तारीख. महिन्यांची नावं अक्षरांत, म्हणजे आकड्यांची अदलाबदल होणारच नाही. डेटसीरियलची एक खोड मात्र सांभाळावी लागते: 31 फेब्रुवारी दिली तरी तक्रार करत नाही, मुकाट 3 मार्च देतं. म्हणून तारीख बनल्यावर तिचा दिवस पुन्हा काढून निवडलेल्या दिवसाशी ताडून बघतो. जुळला नाही तर नोंद थांबते.

29 सप्टेंबर

विंडोजला थेट हाक मारणाऱ्या डिक्लेअर ओळी. 64 बिटला त्यांत 'पीटीआरसेफ' लागतं आणि हँडलसाठी 'लाँग' ऐवजी 'लाँगपीटीआर'. अमळनेरच्या 2007 ला हे दोन्ही शब्द माहीत नाहीत, कारण ते ऑफिस 2010 सोबत व्हीबीए7 मध्ये आले. दोन्ही प्रकारच्या ओळी '#इफ व्हीबीए7'च्या दोन बाजूंना लिहिल्या. अमळनेरला कोडची खिडकी उघडली तर वरच्या ओळी लाल दिसतील. दिसू देत, त्या तिथे चालवल्या जात नाहीत. भाऊंना आधीच सांगून ठेवलंय, नाहीतर रात्री फोन येईल.

1 ऑक्टोबर

मराठी अक्षरं. व्हीबीएच्या खिडकीत देवनागरी लिहिलं की '?????' होतं. ती खिडकी युनिकोड ओळखत नाही. विंडोजच्या जुन्या कोडपेजवर (ठरावीक लिपीच्या अक्षरांच्या तक्त्यावर) चालते, आणि देवनागरीसाठी तसं कोडपेज कधी बनलंच नाही. म्हणून सेटिंग कुठलीही बदला, प्रश्नचिन्हं जात नाहीत. मूळ फाइल बांधणाऱ्याने यावर वाट काढली होती: जुना, युनिकोड नसलेला मराठी फॉन्ट. कोडमध्ये इंग्रजी अक्षरांची खिचडी, फॉन्ट लावला की मराठी. नव्या संचांवर तो फॉन्ट नाही. परिणामी शहाद्याच्या पट्टीवर शेतकऱ्याच्या नावाच्या जागी खिचडीच छापली गेली.

तो फॉन्ट सगळीकडे टाकणं सोपं होतं, पण तेही 'तिसरीकडचं' झालं. सगळी नावं एकदाच युनिकोडमध्ये फिरवून घेतली. फिरवणारं सॉफ्टवेअर जोडाक्षरं आणि रफार चुकवतं, म्हणून आप्पांना शेजारी बसवून गावांची यादी वाचून घेतली. एरंडोल, दोंडाईचा, शेंदुर्णी, बहादरपूर... या यादीत अनुस्वार आणि रफार कुठे कुठे पडतात ते आप्पांना तोंडपाठ.

सूचनांचे मराठी मजकूर आता कोडमध्ये नाहीत. 'मजकूर' नावाच्या लपवलेल्या शीटवर एकेका सेलमध्ये आहेत आणि कोड तिथून उचलतो. युझरफॉर्मच्या लेबलवर ते नीट उमटतात. मेसेजबॉक्सवर मात्र नाही, तो सेलमधलं शुद्ध मराठीही प्रश्नचिन्हं करून दाखवतो. त्याच्या जागी विंडोजचा मेसेजबॉक्सडब्ल्यू थेट बोलावला. परवाच्या डिक्लेअर ओळींत आणखी एकीची भर.

2 ऑक्टोबर, दसरा

काट्याची आणि मशिनांची पूजा. काम नाही. कीबोर्डवर वाहिलेलं हळदकुंकू नंतर ब्रशने काढावं लागलं.

4 ऑक्टोबर. काट्याची केबिन, धरणगाव

एमएसकॉम32 ची जागा भरायची. ऊन असं की पत्र्याच्या केबिनीत दुपारी बसवत नाही, म्हणून सकाळी सातलाच सुरुवात.

काट्याच्या इंडिकेटरमागून नऊ पिनांची सीरियल केबल येते. नव्या संचाला तसं भोक नाही, मध्ये यूएसबी कन्व्हर्टर आहे. जुन्या कोडमध्ये पोर्ट 'कॉम1' ठोकून लिहिलेला. कन्व्हर्टर पुढच्या यूएसबीत लावला तर कॉम3 होतो, मागच्या यूएसबीत लावला तर कॉम5. झाडू मारणाऱ्या पोराने वायर काढून दुसरीकडे खोचली की वजन गायब. पोर्टचा नंबर आता सेटिंगच्या शीटवर आहे आणि कन्व्हर्टर मागच्या एका भोकात टेपने पक्का केलाय.

आधी पुटी (पोर्टवर येणारं दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून केबलवर काय येतंय ते डोळ्यांनी बघितलं. 9600 च्या वेगाला कचरा आला, 2400 ला स्वच्छ आकडे. काटा सेकंदाला अनेकदा वजन ओरडत राहतो, कुणी ऐको न ऐको.

एक्सेलने थेट पोर्ट वाचण्याचा नाद सोडला. विंडोजमध्ये पॉवरशेल (स्क्रिप्ट चालवणारं साधन) असतंच, त्यातला सीरियलपोर्ट हे काम नीट करतो. लहानशी स्क्रिप्ट पोर्ट ऐकते आणि शेवटचं वजन एका टेक्स्ट फाइलीत लिहिते. 'वजन घ्या' दाबलं की एक्सेल ती फाइल वाचतं. 32 की 64 हा प्रश्नच मिटला. विंडोजवर पॉवरशेलच्या स्क्रिप्ट मुळात बंद असतात, म्हणून शॉर्टकटमध्येच एक्झिक्यूशन पॉलिसी बायपास लिहिली. ती त्या एका शॉर्टकटपुरतीच लागू, संपूर्ण संचाला नाही.

दोन अडचणी आल्या. स्क्रिप्ट लिहीत असताना एक्सेल वाचायला गेलं की 'परमिशन डिनाइड', एरर 70. स्क्रिप्ट आता आधी दुसऱ्या नावाने लिहिते आणि पूर्ण झाल्यावर नाव बदलून मूळ फाइलीच्या जागी ठेवते, आणि तरीही गाठ पडलीच तर एक्सेल क्षणभर थांबून पुन्हा वाचतं.

दुसरी अडचण मी मुद्दाम केबल उपटून बघितली म्हणून दिसली. केबल निघाली तरी टेक्स्ट फाइलीत शेवटचं वजन तसंच पडून राहतं. 'वजन घ्या' दाबलं की आधीच्या गाडीचं वजन या गाडीच्या नावावर! यावर ना आप्पांना शंका येणार, ना शेतकऱ्याला. म्हणून वजनाशेजारी वेळही लिहायला लावली. वेळ पाच सेकंदांहून जुनी असेल तर एक्सेल वजन घेत नाही, 'केबल बघा' म्हणतं. शिवाय लागोपाठ काही वाचनं सारखी आल्याशिवाय वजन ठरत नाही, कारण गाडी चढताना आकडा हलत असतो. गाडीत ड्रायव्हर बसलेला होता की उतरला होता, हे भांडण आप्पांकडेच राहील. ते एक्सेलला सुटण्यासारखं नाही.

जुन्या पद्धतीत आकडा हाताने बदलता यायचा. आता त्या सेलवर कुलूप आहे. हाताने वजन टाकायचं तर कारण लिहावं लागतं आणि पट्टीवर 'हस्तनोंद' छापलं जातं. शेठजींना हे विचारलं नव्हतं, दाखवलं तेव्हा आवडलं. आप्पांना फारसं नाही.

7 ऑक्टोबर

प्रिंटर. पट्टी डॉट मॅट्रिक्सवर निघते, रोजची खरेदी लेझरवर. कोड ॲक्टिव्हप्रिंटर (एक्सेलचा चालू प्रिंटर) बदलतो आणि तिथे नुसतं प्रिंटरचं नाव चालत नाही, मागे पोर्टही लागतो: 'ऑन एनई01:'. हा आकडा विंडोज प्रत्येक संचावर आपल्या मर्जीने देतं. जुन्या संचावर 01 होता, चोपड्याला 03, शहाद्याला 00. आता कोड एनई00 पासून एकेक लावून बघतो, जो पटेल तो धरतो आणि काम झाल्यावर आधीचा प्रिंटर परत लावतो.

9 ऑक्टोबर

'अक्षरी रुपये'चं ॲड-इन. पट्टीवर रक्कम अक्षरांत येते, त्यासाठी एक्सेलला बाहेरून जोडायची वेगळी एक्सएलएएम फाइल होती. ॲड-इनचं फंक्शन वापरलेली फाइल दुसऱ्या संचावर उघडली की सूत्राच्या आत जुन्या संचाचा पूर्ण पत्ताच उमटतो, सी ड्राइव्ह, युझर्स, त्या सुरतेच्या माणसाचं लॉगिन, ॲडइन्स फोल्डर... आणि उत्तराच्या जागी '#नेम?'. एडिट लिंक्समधून स्रोत बदलला की सुटतं, पण पुढच्या संचावर पुन्हा तेच.

ॲड-इन रद्द केलं, फंक्शन फाइलीतच आणलं. ते करताना नव्याने लिहावंच लागलं, कारण जुनं इंग्रजी चालीचं होतं, हजारानंतर मिलियन. मराठीत तर एक ते नव्व्याण्णव प्रत्येक आकड्याचा शब्द वेगळा. एकोणपन्नास आणि एक्कावन्न कुठल्या नियमाने बनत नाहीत, यादीच करावी लागते. ती यादीही 'मजकूर' शीटवर. नुसते 100 म्हणजे 'शंभर' आणि 101 म्हणजे 'एकशे एक', हा अपवाद वेगळा लिहिला.

चाचणीला 12.40 क्विंटल घेतले आणि भाव लांब धाग्याच्या यंदाच्या हमीभावाचा, 8110. रक्कम 1,00,564. पट्टीवर आलं: 'रुपये एक लाख पाचशे चौसष्ट फक्त'. मध्ये हजार नसताना 'शून्य हजार' असं काही येत नाही ना, ते बघायला हाच आकडा चांगला.

11 ऑक्टोबर. जळगाव, शेठजींचा लॅपटॉप

फाइल वनड्राइव्हच्या (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीच्या) फोल्डरात. तिथे फाइलचा पत्ता सांगणारा 'धिसवर्कबुक डॉट पाथ' हा सी ड्राइव्हचा पत्ता न देता 'एचटीटीपीएस'ने सुरू होणारा पत्ता देतो, आणि फाइली शोधणारं डिर फंक्शन त्यावर आपटतं. यावर लोकांनी लांबलचक कोड लिहिलेत. मी फाइल सी ड्राइव्हवरच्या 'पट्टी' फोल्डरात हलवली आणि पत्ता 'एचटीटीपी'ने सुरू झाला तर फाइल सौम्य शब्दांत नकार देते. रीजनल सेटिंगही भारताची केली.

14 ऑक्टोबर

विंडोज 10 चा शेवटचा दिवस. अमळनेरचा संच नेटपासून तोडला. फाइल तिथे पेनड्राइव्हनेच जाते-येते, त्यामुळे काही अडत नाही.

बाकी सगळीकडे सी ड्राइव्हवरचं 'पट्टी' फोल्डर ट्रस्टेड लोकेशन केलं. फाइल तिथे असली की शिक्का असो नसो, मॅक्रो चालतात. याचा दुसरा अर्थ असा की त्या फोल्डरात दुसरं काहीही टाकायचं नाही, आणि हे भिंतीवर लिहून चिकटवलंय.

एक 'तपासणी' शीट बांधली. बटण दाबलं की हा संच कसा आहे ते सांगते: 32 की 64 बिट, तारखेचा क्रम कुठला, प्रिंटर सापडले का, काट्याची फाइल ताजी आहे का, फोल्डर बरोबर आहे का. आवृत्तीही दाखवायची होती, पण एक्सेल 2016, 2019, 2021, 2024 आणि 365 सगळे स्वतःला '16.0'च म्हणवतात, म्हणून सोबत बिल्डचा आकडा घेतला. आता कुणाचाही फोन आला की पहिला प्रश्न एकच, तपासणी दाबून फोटो पाठवा.

मॅक्रो बंद असताना फाइल उघडली तर फक्त एक पान दिसतं, त्यावर मोठ्या अक्षरात काय करायचं ते. बाकी शीट मॅक्रो चालू झाल्यावरच उघडतात.

17 ऑक्टोबर. शहादा

सगळं हिरवं, आणि तरी 'पट्टी छापा' दाबलं की जुनी फाइल उघडते. इथल्या भाऊंनी सोयीसाठी जुन्या फाइलीतलं एक शीट नव्या फाइलीत कॉपी करून ठेवलं होतं. असं शीट आणलं की बटणांची दोरी जुन्या फाइलीलाच बांधलेली राहते. शीट काढलं. पुढे कुणी असं केलं तरी चालावं म्हणून फाइल उघडताना प्रत्येक बटणाला त्याचा मॅक्रो नव्याने लावून दिला जातो.

22 ऑक्टोबर, पाडवा

मुहूर्ताची पहिली गाडी सकाळी काट्यावर. आप्पांनी सवयीने बटण दाबलं, वजन आलं, ओलावा हाताने टाकला, पट्टी निघाली. पावसात भिजलेला माल, त्यामुळे ओलाव्याच्या घटीवर बराच वेळ घासाघीस झाली; कॉम्प्युटरवर कुणाचं लक्षही नव्हतं. चोपडा आणि अमळनेरहून फोन नाही. शहाद्याहून तपासणीचा फोटो आला, सगळं ठीक, खाली लिहिलेलं: "चालू व्हई गयं."

राहिलेलं काम: शहाद्याच्या डॉट मॅट्रिक्सवर पट्टीची शेवटची ओळ कधी कधी पुढच्या कागदावर जाते, तिथल्या ड्रायव्हरमध्ये कागदाचं माप वेगळं आहे. 2007 वर ड्रॉपडाउनमधली महिन्यांची नावं बारीक दिसतात, फॉन्टचं माप वाढवायचं. जुनी फाइल मार्चपर्यंत रीड-ओन्ली ठेवायची, मग हटवायची. दर शनिवारी पाचही ठिकाणची तपासणी मागवायची, पहिली 25 तारखेला.